शनिवारचा पाठ

किशोरीचं ठाम मत होतं की त्या बोर्डाला माणसं ओळखता येतात. रेबेकाबाई समोर उभ्या राहिल्या की तो शहाण्या मुलासारखा वागायचा. लिही म्हटलं की लिहायचा, पूस म्हटलं की पुसायचा. आणि किशोरी उभी राहिली की त्याच्या अंगात यायचं.

बोर्ड म्हणजे आपला काळा फळा नव्हे. पनवेलच्या ज्या मराठी शाळेत किशोरी बी.एड.च्या सरावाला जात होती, तिथे सातवीच्या वर्गात भिंतीवर एक भलामोठा काचेचा पडदा बसवला होता. त्यावर बोटाने लिहायचं, बोटाने चित्र ओढून आणायचं, एका टिचकीसरशी पान उलटायचं. मुलं त्याला नुसतं 'बोर्ड' म्हणत आणि बाजूच्या बिचाऱ्या फळ्याला 'जुना बोर्ड'.

या बोर्डाने तिची पहिल्याच पाठाला फजिती केली होती. पाठाच्या दिवशी साडी नेसायची ही कॉलेजची शिस्त, म्हणून ती लग्नातली शेवाळी साडी नेसून आली होती. पदर खांद्यावर पिन लावून मागे मोकळा सोडलेला. हे मोकळं सोडणं मुद्दाम होतं. कॉलेजच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा ती सवयीने पदर कमरेला खोचून उभी राहिली, तेव्हा अरुंधती मॅडम म्हणाल्या होत्या, "किशोरी, वर्ग आहे हा. मासळी बाजार नव्हे." किशोरीची सासू पनवेलच्या बाजारात मासळी विकते हे मॅडमना ठाऊकही नव्हतं. त्या सहज बोलून गेल्या. सगळ्या मुली हसल्या आणि किशोरीही हसली, कारण ती हसली नसती तर सगळ्यांना कळलं असतं. त्या दिवसापासून तिने बाहेर कुठे पदर खोचला नव्हता.

तर पहिला पाठ. विषय नद्यांचा होता. तिने पडद्यावर नकाशा आणला, मुलांकडे वळून पहिला प्रश्न विचारला, आणि मुलं खुसखुसायला लागली. मागे बघते तर नकाशा गायब, पुढचंच पान समोर. ते मागे आणलं, पुन्हा मुलांकडे वळली, तर आता नकाशावर एक हिरवी रेघ, दारुड्यासारखी झोकांड्या खात गेलेली. पुसली. पुन्हा उमटली. शेवटी वर्गात मागे बसलेले वर्गशिक्षक हरेश सर उठून म्हणाले, "असू दे बाई. खडू घ्या. घंटा व्हायची वेळ झाली."

सर चांगलेच होते, त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत तिच्या कानात तेवढंच एक वाक्य वाजत राहिलं. खडू घ्या बाई.

"काय झालं गो? तोंड का असं मांदेलीसारखं?" सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी दारातच विचारलं. कडेवर दीड वर्षांची मनस्वी होती.

"आई, मला नाही जमायचं ते मशीन."

"मशीनच हाय ना? चावतंय का?"

"शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येणार. बोर्ड वापरलाच पाहिजे म्हणतात. तिथेही असंच झालं तर वर्ष पुन्हा करावं लागेल."

मनस्वीला चांगुणाबाईंनी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मग हळूच म्हणाल्या, "पोरी, यंदाच्या वर्साला मी हाय. सकालचा धंदा सोरला तुज्यासाठी, त्याचं मना काय नाय वाटत. पण पुढल्या वर्साला हे गुडगे काय बोलतील, मना ठाव नाय."

त्यात तक्रार नव्हती, खरं तेच होतं. किशोरीचा नवरा जीवन उरणच्या बंदरावर पाळीने कामाला, त्याच्या घरी असण्याचा भरवसा नाही. माहेर खाडीपलीकडे. घरात मनस्वीला सांभाळायला ते एकच गुडघे होते. म्हणजे काय व्हायचं ते याच वर्षी. नाहीतर मग मनस्वी मोठी होईल तेव्हा, आणि तेव्हा म्हणजे कधी हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

*

रेबेका पेझारकर या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेला ते अजून पटलं नव्हतं आणि त्यांनाही. रोज यायच्या. एखाद्या वर्गाला सर नसले की बाई हजर. इस्रायल तळ्याजवळ त्यांचं घर. घरात त्या आणि त्यांचे यजमान मोझेसकाका. मुलगी-जावई तिकडे इस्रायलमध्ये, आश्दोदला, आणि नातू नोम फोनच्या पडद्यावर.

खडूची फजिती बाईंच्या कानावर गेली असणार. एका दुपारी शाळा सुटल्यावर किशोरी फाटकापाशी मनस्वीची वाट बघत उभी होती. चांगुणाबाई संध्याकाळच्या बाजाराला निघताना डोक्यावर टोपली, कडेवर नात अशा यायच्या आणि "घे तुझी मास्तरीण" म्हणून पोर तिच्या हाती द्यायच्या. तशी ती दिली गेली, आणि मागून आवाज आला.

"नद्यांचा पाठ बुडवलास ती तूच ना?"

किशोरीने मान डोलावली.

"चल आत. पोरीलाही घे. तिला तरी कुठे भीती वाटते ते बघू."

आणि खरंच, मनस्वीला काडीचीही भीती वाटली नाही. बाईंनी तिला बोर्डासमोरच्या बाकावर उभं केलं. तिचा हात जेमतेम पडद्याच्या खालच्या कडेला पोचत होता. तिने हातातला लाळेने भिजलेला खुळखुळा काचेवर आपटला आणि एक जाडजूड रेघ उमटली. ती खिदळली. अजून आपटला. अजून रेघ.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "याला बोट कळत नाही, खुळखुळा कळत नाही. या चौकटीतून न दिसणारा उजेड सारखा इकडून तिकडे धावत असतो. त्याच्यामध्ये कुणी आलं, एवढंच याला समजतं. लाटणं आणलंस तरी लिहील."

"मग माझीच पानं का उडतात?"

"तळवा टेकत असशील लिहिताना. नवीन माणूस टेकतोच. मीही टेकायचे."

हे ऐकून किशोरीला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. "तुम्हीसुद्धा?"

"मी?" बाईंनी पदर ओढून घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. फळ्यापुढे उभं राहायचं म्हणजे आधी ही क्रिया, त्यांना ती केल्याचंही कळायचं नाही. "अगं, हा बोर्ड आला तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. सगळे म्हणाले, बाई, तुम्हाला कशाला आता. मलाही तेच वाटलं. पहिल्या दिवशी मी त्याला डस्टरने पुसायला गेले. पोरं बाकाखाली लोळून हसली. घरी आले आणि रडले. मोझेस म्हणाला, रेबेका, पोरं तुझ्या तासाला इतकी कधी हसली होती? कधीच नाही ना? मग वापर की तो बोर्ड!"

त्या हसल्या आणि त्यांच्याबरोबर किशोरीही. मनस्वी कुणी न सांगताच हसत होती.

मग रोज शाळा सुटल्यावर शिकवणी सुरू झाली. बाईंची पद्धत उलटीच होती. पहिले काही दिवस त्यांनी बोर्ड सुरूच करू दिला नाही. "आधी बोर्डाशिवाय पाठ घे. शेवटच्या पाठाला भरती-ओहोटी आहे ना तुझी? शिकव मला." किशोरीने शिकवलं. मग बाईंनी विचारलं, "यातलं असं काय आहे जे तुला हाताने, तोंडाने, खडूने दाखवता येत नाही? तेवढ्यालाच बोर्ड. बाकी सगळीकडे तू."

किशोरी विचारात पडली. खाडीचं पाणी कसं चढतं ते ती नुसत्या बोलण्याने उभं करू शकत होती. लहानपणी तिने ते रोज बघितलं होतं. चिखलात टेकलेली होडी जराशी हलते, मग डोलते, मग आपण होऊन तरंगायला लागते. पण चंद्र फिरतो आणि त्याच्यामागे अख्ख्या पृथ्वीचं पाणी फुगत जातं, हे काही खडूने दाखवता येईना.

"चंद्र," ती म्हणाली. "मला चंद्र हलवता यायला हवा."

"हां," बाई म्हणाल्या. "आता सुरू कर बोर्ड."

बाईंना काम करताना बघणं हेच एक शिक्षण होतं. त्या बोर्डाला कधी पाठमोऱ्या होत नसत आणि मुलांनाही नसत. तिरप्या उभ्या राहून, एक डोळा इकडे, एक तिकडे. पडद्यावर काही आणायचं तर आधी प्रश्न विचारून मुलांना त्यासाठी आसुसायला लावायच्या. आणि पिशवीत खडूचा तुकडा नेहमी असायचा. "वीज कुणाची सखी नाही," म्हणायच्या. या वयाला, ज्या वयात किशोरीच्या ओळखीच्या बायका रिमोटचंही बटण नातवाकडून दाबून घ्यायच्या, त्या वयाला या बाईने एकेक खूण स्वतः शोधून काढली होती, हे आठवून किशोरीला आपल्या रडण्याची लाज वाटायची.

बोर्डावरच्या खुणांना बाईंची स्वतःची नावं होती. पुसण्याच्या खुणेला 'फडकं'. केलेलं परत घेण्याच्या खुणेला 'माघार'. "माघार घेता आली की निम्मी भीती जाते." एका खुणेला मात्र त्यांच्याकडे नाव नव्हतं. बोटाने कुंपण काढायचं, त्याच्या आतलं सगळं एकदम पकडलं जातं आणि हवं तिथे ओढून नेता येतं, अशी ती खूण. किशोरीने ती पहिल्यांदा वापरली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगोबाई, हा तर पाग!"

"म्हणजे?"

"माझे बाबा टाकायचे खाडीत. गोल जाळं. फेकायचं, पसरायचं, आणि आतलं सगळं गोळा करून ओढायचं."

रेबेकाबाईंनी बोर्डाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शिष्य गुरूकडून घेतो तसं अदबीने ते नाव घेतलं. "पाग. छान. आता हा पागच."

त्या दिवशी घरी जाताना किशोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

दिवसागणिक तिचा हात बसत गेला. तळवा उचलून लिहायची सवय लागली. पंजाबी ड्रेसवर ओढणी आडवी गाठ मारून घेतलेली, नाहीतर मनस्वी ती ओढायची. पानं उडायची बंद झाली, हिरवी रेघ तर पुन्हा दिसलीच नाही. सराव संपला की शेवटचं एक काम उरायचं, पडद्याच्या खालच्या कडेवरचे मनस्वीच्या चिकट हाताचे ठसे पुसणं. ते किशोरी ओल्या रुमालाने पुसायची. रोज त्याच पट्टीत, त्याच उंचीवर.

*

परीक्षेच्या पाठाची तारीख लागली, आणि तो निघाला शनिवार.

किशोरी धावतच बाईंकडे गेली. "बाई, सकाळची शाळा. तुम्ही बोर्डाजवळ उभ्या राहाल ना? नुसत्या? काही अडलं तर..."

बाईंनी मान हलवली. "शनिवारी मी यंत्राला हात लावत नाही, किशोरी. शुक्रवारी दिवा लागला की शनिवारी तारे दिसेपर्यंत नाही. घरचा पंखासुद्धा आदल्या दिवशी लावलेला तसाच राहतो."

किशोरीला हे माहीत होतं आणि तरीही ती विसरली होती. नोकरीत असतानाही बाईंनी शनिवारचा पाठ कधी घेतला नव्हता. त्याबदल्यात दिवाळीच्या सुट्टीत जादा वर्ग घेत.

"आमचे बेने इस्रायली पूर्वज या किनाऱ्यावर तेल गाळायचे," बाई म्हणाल्या. "शनिवारी घाणा बंद. म्हणून गावं आम्हाला शनवार तेली म्हणायची. घाणा गेला, बोर्ड आला. शनिवार तोच आहे."

"पण तुम्ही वर्गात तरी..."

"येईन. चालत येईन आणि मागच्या बाकावर बसेन. पण माझ्याकडे बघू नकोस. परीक्षा तुझी आहे, आणि शनिवारी मी कुठलंच बटण दाबत नाही. तुझंही नाही."

शुक्रवारी दुपारी बाईंनी सगळं एकदा तपासून घेतलं. पाठ बोर्डात, पाठ पेन ड्राइव्हमध्ये, पाठ किशोरीच्या फोनमध्ये. खडूचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. ऊन उतरायला लागलं तसं त्यांनी पिशवी उचलली. त्यांना घरी जाऊन मेणबत्त्या लावायच्या होत्या. दारातून वळून म्हणाल्या, "तळवा," आणि गेल्या.

*

शनिवारी सकाळी शेवाळी साडी. निऱ्या नीट, पिन घट्ट, पदर मागे मोकळा. चांगुणाबाईंनी मनस्वीला तिच्यापासून लांबच धरलं, साडीला लाळ लागू नये म्हणून. "जा. देवाला हात जोर आन जा."

वर्गात मागच्या बाकांवर पाहुणे. परीक्षक दिनानाथ सर, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांच्या शेजारी अरुंधती मॅडम, मग हरेश सर. आणि कोपऱ्यात, हात मांडीवर जुळवून, रेबेकाबाई. बाहेर व्हरांड्यात तिच्याच कॉलेजची भावना आपल्या पाळीची वाट बघत पाठ घोकत होती.

किशोरीने खाडीपासून सुरुवात केली. चिखलात टेकलेली होडी. ती कशी हलते. उलव्याच्या नव्या इमारतींत राहायला आलेली मुलं त्या वर्गात बरीच होती, त्यांनी खाडी फक्त पुलावरून बघितलेली. ती कान टवकारून ऐकत होती. "टीचर, मग पाणी येतं कुठून?" एकाने विचारलंच. आता वेळ झाली होती. तिने बोर्डावर पृथ्वी आणली, भोवती निळं पाणी, वर चंद्र. बोटाने चंद्र ओढला. पाणी त्याच्या बाजूने फुगलं, आणि पलीकडूनही फुगलं. "आँ!" असा एकत्र आवाज आला.

ती मुलांकडे वळली. "काय दिसलं?"

मुलं खुसखुसली.

तो आवाज तिने ओळखला. मागे वळून बघायच्या आधीच तिला कळलं होतं, पृथ्वी गेली, पुढचं पान आलं. तळवा टेकला नव्हता. तळवा तर लांबच होता. 'माघार'. पृथ्वी परत आली. पुन्हा मुलांकडे वळली, पुन्हा खुसखुस. या वेळी पृथ्वी जागेवर होती, पण खाली, पार कडेला, एक हिरवी रेघ. सैल, लोंबती, झोकांड्या खाणारी.

अरुंधती मॅडमनी काहीतरी टिपलं. हरेश सर बाकावर पुढे सरकले, आणि किशोरीला स्पष्ट ऐकू आलं ते वाक्य, जे त्यांनी अजून उच्चारलं नव्हतं. पिशवीतल्या खडूसारखं ते तिच्या जवळच होतं. तिने रेबेकाबाईंकडे बघितलं. बघायचं नाही असं ठरलं होतं तरी बघितलं. बाई स्वतःच्या जुळवलेल्या हातांकडे बघत होत्या.

मग तिने एक गोष्ट केली, जी पहिल्या पाठाला केली नव्हती. ती थांबली. रेघ पुसायची घाई केली नाही. नुसती बघत राहिली.

ही उंची तिच्या ओळखीची होती. याच पट्टीत ती रोज ओला रुमाल फिरवायची. इथे कुणाचं बोट येत नाही. इथे फक्त मनस्वी लिहिते. पण मनस्वी तर घरी आहे. मग आज इथे खुळखुळा कोण आपटतंय?

तिने बोर्डाकडे बघत बघतच अंग हळूहळू मुलांकडे वळवलं. आणि तिला दिसलं. डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर झोक्यासारखा सरकला, त्याचं टोक काचेच्या कडेला घासलं, आणि त्याच्यामागोमाग हिरवी रेघ उमटत गेली.

बोट कळत नाही, खुळखुळा कळत नाही. मध्ये कुणी आलं एवढंच समजतं.

तिला हसू आलं, आणि हसू येता येताच कळलं की आता काय करावं लागणार आहे. मागच्या बाकावर अरुंधती मॅडम होत्या. मासळी बाजार नव्हे हा. क्षणभर पदराचं टोक तिच्या हातातच राहिलं. नुसतं हातात धरून पाठ पुरा करता आला असता का? पण मग चंद्र कुठल्या हाताने ओढायचा आणि मुलांना कुठल्या हाताने बोलवायचं?

तिने पदर पाठीवरून पुढे घेतला आणि उजव्या कमरेला खोचला. वरवर नव्हे. टोपलीपुढे बसण्याआधी चांगुणाबाई खोचतात तसा, एका हिसक्यात, घट्ट, दिवसभर न सुटणारा.

"बोर्ड बिघडलेला नाही," ती मुलांना म्हणाली. "माझा पदर त्याच्यावर लिहीत होता. याला वाटलं, कुणीतरी बोट लावलं." मुलं मोकळेपणी हसली, आणि ती त्यांच्यात हसली. "आता बघा, चंद्र कुठे चाललाय."

पुढचा पाठ कसा झाला ते तिला नंतर सलग आठवेना, तुकडेच आठवत. पाग टाकून तिने सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढून आणले आणि अमावास्येचं उधाण चढलेलं बघून एक मुलगी चक्क उभी राहिली. मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "टीचर, चंद्र पाण्याला ओढतो, मग मला का नाही ओढत?" किशोरी म्हणाली, "ओढतो की. पण तू केवढास आणि समुद्र केवढा! एवढ्याशा अंगावर ती ओढ कळत नाही." तो मुलगा स्वतःच्या अंगाकडे संशयाने बघत खाली बसला. शेवटी तिने बोर्ड बंद केला आणि पुन्हा नुसत्या बोलण्याने होडी तरंगवली.

घंटा झाली. दिनानाथ सर पुढे आले. कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर घेतला आणि बोर्डाच्या खालच्या कडेकडे वाकून बघितलं.

"निकाल कॉलेज कळवेल, मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "पण आमच्याकडेही पाठाच्याच दिवशी मुलींचे बोर्ड बिघडतात. एरवी कधी नाही. आम्ही कंपनीचा माणूस बोलावतो, तो येतो, म्हणतो सगळं ठीक आहे." त्यांनी मान हलवली आणि स्वतःशीच हसत निघाले. "पदर!"

अरुंधती मॅडम किशोरीशी काही बोलल्या नाहीत. दारापाशी गेल्या, व्हरांड्यात उभ्या असलेल्या भावनाकडे त्यांनी क्षणभर बघितलं, आणि त्यांचा आवाज आत ऐकू आला.

"भावना, पदर खोच."

*

रेबेकाबाई वडाळे तळ्यापर्यंत तिच्याबरोबर चालत आल्या. हवापाण्याचं बोलल्या, मनस्वीच्या दातांचं बोलल्या. पाठाचं अवाक्षर नाही. किशोरीला राहवेना.

"बाई, कसा झाला?"

"कामाचं शनिवारी नाही," बाई म्हणाल्या आणि इस्रायल तळ्याच्या वाटेने आपल्या घराकडे वळल्या. चालताना मात्र त्यांचा हात दोनदा कमरेपाशी गेला, खोचलेल्या पदरावर, जणू तो तिथे आहे हे त्यांना आजच समजलं होतं.

घरी चांगुणाबाईंनी सगळी हकीकत ऐकली. पदराशी आल्यावर त्यांनी हातातली कोलंबी तशीच धरून सुनेकडे बघितलं. "मंग? इतके दीस सुटा सोरत व्हतीस? कामाला हुबं रायचं आन पदर सुटा?" आणि मनस्वीकडे वळून, "बगतेस ना गो मास्तरीण, तुजी आय दोन वर्सं शिकली, पदर खोचायला."

किशोरी इतकी हसली की मनस्वी घाबरून रडायला लागली.

दुपार सरता सरेना. ऊन कलंडलं, चांगुणाबाई बाजाराला गेल्या, जीवन कामावरून आला, त्याला सगळं पहिल्यापासून सांगून झालं. किशोरी मनस्वीला मांडीवर घेऊन दारात बसली. आभाळ निळं, मग जांभळं. पहिला तारा दिसला. मग आणखी. फोन वाजला.

"किशोरी? हं, दाबलं बघ बटण."

मागून मोझेसकाकांचा आवाज आला, "अगं, सांग तिला लवकर! कामाचं शनिवारी नाही म्हणे, आणि जेवताना मला सबंध पाठ ऐकवला हिने. चंद्रासकट. माझा मासा गार झाला."

"गप्प बस रे," बाई म्हणाल्या. "किशोरी, मला वाटायचं तो बोर्ड मला पूर्ण कळलाय. मी तुला तळवा तळवा करत राहिले. माझा पदर खडूच्या धुळीच्या दिवसांपासून खोचलेला, कधी सुटाच नव्हता गं. त्यामुळे मला ते कधी कळणारच नव्हतं. आणि तू ते सगळ्यांसमोर, परीक्षा चालू असताना शोधलंस. थांबलीस. मी तुझ्या जागी असते तर खडू घेतला असता."

"बाई, तुम्ही उगीच..."

"मी उगीच बोलत नाही हे तुला माहीत आहे. आता ऐक. सोमवारी सहावीला माझा अपूर्णांकांचा तास आहे. तू मागच्या बाकावर बसायचंस, आणि माझं काय काय चुकतं ते बघायचंस. मला कुणीतरी बघायला हवंय. इतक्या वर्षांत कुणी बघितलंच नाही."

किशोरी उत्तर देणार तोच मनस्वीने फोनच्या उजळलेल्या काचेवर ओलं बोट फिरवलं आणि फोन बंद झाला.

किशोरीने ते बोट पकडलं, त्याचा पापा घेतला, काच ओढणीला पुसली आणि परत नंबर लावला.

"बाई," ती म्हणाली, "सोमवारी कितव्या तासाला?"